आतली खोली आणि धावड्याच्या काकू

पार्लरमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाई खुर्चीत मागं रेलली, तिनं डोळे मिटले, की तिचं तोंड आपोआप उघडतं. एरवी जी नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाही, ती डोळे मिटून त्याची सगळी कुंडली मांडते. आपण दोरा ओढायचा आणि ‘हूं’ म्हणायचं. भोकरदनला बसस्टँडमागच्या गल्लीत असं ‘हूं’ म्हणता म्हणता माझे केस पिकले, आणि डोकं असं भरलं की जुने चार किस्से बाहेर काढल्याशिवाय नवा आत बसत नाही.

मी चौथी पास. लिहायची सवय नाही, बोलायची लई आहे, म्हणून जसं बोलते तसं लिहिते. माझ्या पार्लरला पुढं एक खोली, मध्ये जाड पडदा, पडद्यामागं आतली खोली. पुढच्या खोलीतले किस्से तुम्हाला कुठंही मिळतील. भिवई वाकडी झाली, फेशियलनं तोंड सुजलं, असले. मी आतल्या खोलीतले सांगणार आहे. नव्वदनंतरची गोष्ट. तालुक्याच्या गावात बाईनं तिथल्या जागेचं वॅक्सिंग करून घ्यायचं म्हणजे केवढी धिटाई, हे आजच्या पोरींना कळायचं नाही. मी रोज बघायची आणि रोज तोंडात बोट घालायची. त्यातच एका पोरीचं ठरलेलं लग्न त्या पडद्याला टांगलेलं होतं. तिथंही पोचते.

नावं बदललीत. आणि ज्यांचे किस्से, त्यांना विचारूनच लिहिलंय. एकीनं तर बजावलं, लिहायचं तर भीत भीत लिहू नको.

*

कोर्स मी औरंगाबादला केला. त्यात हात शिकवले, पाय शिकवले, काखा शिकवल्या. त्याच्यापलीकडं बाईला अंग असतं, हे त्या कोर्सला माहीतच नव्हतं.

पार्लर टाकून थोडेच दिवस झाले असतील. बँकेतल्या साहेबांची बायको आली, बदली होऊन आलेली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “बिकिनी वॅक्स करता का हो?” बिकिनी मी फक्त कॅलेंडरवर बघितलेली, तीही सलूनच्या. मी ताडकन सांगितलं, असलं इथं होत न्हाई.

बाई गेली. माझ्याकडं रुख्साना होती. मेंदी काढायची, दोरा शिकत होती. ती कोपऱ्यातून म्हणाली, “होतं की, ताई. आमच्यात तर रीतच हाय. माझी नानी घरी पाक करायची. याच्यात लाजायचं काय?”

लहानपणापासून आमची आणि त्यांची भिंत एक. त्या भिंतीपलीकडं बायका पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छतेचा नेम म्हणून हे करतायत, आणि अलीकडं आम्ही त्या विषयाचं नावसुद्धा घेत नाही!

दुसऱ्या दिवशी तिनं स्टोव्हवर पातेलं ठेवलं. साखर, लिंबाचा रस, थोडं पाणी. मधासारखा रंग आला की थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. मऊ गोळी झाली की उतरवायचं. लाडवाचा पाक मी जन्मभर केला, पण त्या पाकाला आणखी एक नोकरी असते हे त्या दिवशी कळलं.

मी म्हणलं, चला, आता बँकवाल्या बाईंना निरोप देऊ. रुख्साना म्हणाली, “ना ताई. आधी तुमच्यावर. सोताला लावून बघितल्याबिगर दुसरीला लावायचं न्हाई, नानीचा नियम हाय.”

मी पडले. तिनं पहिली पट्टी ओढली. मी अशी ओरडले की शेजारच्या सायकलवाल्याचा पंप बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागदाच्या पुडीत लवंगा घेऊन दारात उभा. “ताई, अक्कलदाढ असंल तर काढूनच टाका. अंगावर काढू नका.”

लवंगा मी चहात घातल्या. दाढ मात्र मला पुढं वर्षभर अधूनमधून दुखत राहिली.

*

काम सुरू झालं, पण त्याला नावच नव्हतं. एक मास्तरीणबाई यायच्या. शाळेत पोरांना खडसावणारा आवाज, पण इथं आल्या की उंदरासारखा. “ते करायचंय.” मी विचारायची, कुठलं ते? “अहो ते.” रुख्साना भिवया दाखवायची, ओठ दाखवायची, हात दाखवायची. बाई नुसत्या मान हलवायच्या आणि घामानं भिजायच्या.

मग एक दिवस तालुक्यातल्या धावडा गावची शांता आली. शेतात राबणारी, तळव्याला घट्टे. पुढच्या खोलीत चार बायका बसलेल्या. त्यांच्यादेखत चपला काढत म्हणाली, “ताई, खुरपणी करायचीय.”

चौघी हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. त्यात त्या मास्तरीणबाई सगळ्यात जास्त. त्या दिवसापासून नाव पडलं.

दुसरी अडचण, केस किती वाढल्यावर यायचं. तांदळाच्या दाण्याएवढा पाहिजे, त्याहून बारीक असला तर पाक धरत नाही, नुसती कातडी सोलवटते. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आज ब्लेड फिरवायचं आणि परवा माझ्याकडं यायचं, असल्या गिऱ्हाइकांना मी परत धाडायची. त्या रुसायच्या. शांतानं एका वाक्यात मिटवलं. “म्हंजी वापसा पाहिजे. पाऊस झाला की लगीच कुळव घालतो का आपण? रान जरा सुकू द्यावं लागतं.”

सगळ्यांना पटलं. ज्यांनी आयुष्यात बांधावर पाय ठेवला नाही, त्या तहसीलमधल्या बायकाही वापसा म्हणायला लागल्या. एकदा भर बाजारात एक जण मला आडवी आली, “ताई, वापसा झालाय, उद्या येऊ का?” शेजारी नवरा उभा, कारकून माणूस. तो अदबीनं मला म्हणाला, “अरे वा, तुमचंबी रान हाय का? कोणत्या शिवारात?”

*

आता शांताचाच किस्सा. केस निघाले म्हणजे काम संपलं असं नसतं. खरं काम घरी गेल्यावर. कातडी उघडी पडलेली असते, नव्या पालवीसारखी. माझं सांगणं ठरलेलं: आज गरम पाणी नको, साबण नको, पावडर नको. नायलॉनचा परकर नको, सुती आणि सैल घाला. आग झाली तर माठातल्या पाण्यात फडकं भिजवून ठेवा, कोरफडीचा गर लावा. हळद लावू नका, कातडी पिवळी होते ती होते आणि आगही होते. खाजवू नका. दोनतीन दिवसांनी मऊ पंचानं हलकं चोळा, नाहीतर केस आतल्या आत वळतो आणि फोड धरतो. पू झाला तर माझ्याकडं नाही, डॉक्टरकडं जा.

आणि शेवटचं, आपल्या भागासाठी खास: मिरचीला हात लावू नका.

शांता हो हो म्हणाली आणि गेली. घरी मिरचीचा ढीग पडलेला. रात्रीतून पोती भरून बाजाराला जायची होती. बसली देठ खुडायला. उठल्यावर साबणानं हात धुतले आणि मोरीत गेली. मिरची साबणाला भीक घालत नाही, हे शेतकरणीला मी सांगायला पाहिजे का?

तिथून जी सुटली ती गोठ्यापुढच्या हौदात जाऊन बसली. कमरेइतक्या पाण्यात. म्हैस पाणी प्यायला आलेली, ती आपली ताटकळत उभी. नवरा धावत आला, बघतो तर बायको हौदात, केस सुटलेले, डोळे लाल, हुं हुं करून राह्यली. त्याला वाटलं अंगात आलं. त्यानं लिंबू आणलं, जावेनं कुंकू आणलं, गल्ली गोळा झाली. शांता काय सांगणार? जे झालं ते सांगण्यासारखं नव्हतं आणि पाण्यातून उठता येत नव्हतं. मग तिनं तसंच चालवून घेतलं.

शेजारची म्हातारी हात जोडून पुढं आली, माय, माझ्या घरात शांती कामून न्हाई? शांता हौदातूनच गरजली, “सुनेला माहेरी धाड! पोर झुरून राह्यली!”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सून माहेरी गेली. वर्षानं पहिल्यांदा.

शांता नंतर मला हे सांगायला आली तेव्हा मी विचारलं, अगं, दही का नाही लावलं, पाण्यानं कुठं मिरची उतरते? ती म्हणाली, “उतरली असती तर त्या पोरीचं काय झालं असतं?”

*

याच शांताच्या आळीत जनाकाकू राहायच्या. धावड्यातलं जुनं घर, रान बरं, नवरा मवाळ, कारभार सगळा काकूंच्या हातात. साठीच्या घरातल्या, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शांतानं आपला किस्सा आपल्या तोंडानं त्यांना सांगितला, तो तिचा हक्क. काकूंनी त्यातलं एकच उचललं: पार्लरवालीनं आधी बजावलं होतं, हिनंच ऐकलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी काकू माझ्या दारात. “बसते जराशी. ऊन लई हाय.”

बसल्या. काही करून घेतलं नाही. नुसत्या बघत होत्या. मी एकीचे हात करत होते. लाकडी काडीनं पाक लावला, काडी टाकून दिली, दुसरी घेतली. काकू म्हणाल्या, “चांगली काडी कामून टाकली?” मी म्हणलं, एकीच्या अंगाला लागलेली काडी परत डब्यात गेली तर हिचं तिला लागंल. काकू म्हणाल्या, “हं.”

पुढच्या बाजारी परत. या वेळी टॉवेलाचा वास घेतला. पलंगाखाली वाकून बघितलं. पट्ट्या कशाच्या म्हणून विचारलं. बाकी लोक जुन्या पँटी फाडून पट्ट्या करायचे आणि धुऊन धुऊन वापरायचे. मी मांजरपाट फाडायची आणि एकदा वापरून जाळायची. काकू मागच्या अंगणात जाऊन राख बघून आल्या! मग माझा हात धरला आणि नखं तपासली. मी पाक गरम केला की आधी आपल्या मनगटावर लावून बघायची, बाळाचं दूध बघतो तसं. ते बघताना मात्र त्यांचे डोळे बदलले. एकदम पाणी आल्यासारखे झाले. मला तेव्हा कळलं नाही.

रुख्साना माझ्या कानाशी लागली, “ताई, ही सरकारी बाई तर न्हाई?” मला वाटत होतं दुसऱ्या पार्लरनं धाडलीय. मी शेवटी तोंडावर विचारलं, काकू, तुम्हाला पाहिजे तरी काय?

“इथं कधी भांडणं झाली का?”

“झाली. मीच केली.”

“कशापायी?”

एका आईनं आपल्या पोरीला ओढत आणलं होतं. पोरीला करायचं नव्हतं, रडत होती. मी आईला हाकललं. हे सांगितलं. काकू उठल्या, पदर झटकला, “बराबर,” म्हणाल्या आणि गेल्या.

*

तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, हनुवटीवर चार केस आलेत तेवढे काढ. खुर्चीत रेलल्या, डोळे मिटले. मी दोरा लावला. काकूंचा आवाज एकदम खाली आला.

“कोणाला सांगू नको हां. आमच्या विहिरीचं खोदकाम चालू हाय. परवा हंडा लागला.”

माझा दोरा तुटला. रुख्सानाच्या हातातली वाटी पडली. काकूंनी सगळं सविस्तर सांगितलं. तांब्याचा हंडा, तोंडाला कापड, माणसं झोपल्यावर कसा वर काढला, कुठं पुरला. आणि उठून गेल्या.

मंडळी, असली गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे काय, हे मला विचारा. मला जेवण जाईना. नवरा विचारतोय काय झालं, मी म्हणते पित्त. रुख्साना तर कामाला आली की आधी माझ्याकडं बघायची आणि दोघी एकमेकींपुढं नुसत्या फुगायच्या. पण आतल्या खोलीचा नियम मीच केलेला: पडद्याच्या आत ऐकलेलं पडद्यातच. खुर्ची पुढच्या खोलीत असली म्हणून काय झालं?

बऱ्याच बाजारांनी काकू आल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग हळूच म्हणाल्या, “हंडा कुठवर पोचला?”

“कसला हंडा?” मी म्हणलं.

काकू हसल्या. पहिल्यांदाच. हंडा नव्हताच. विहीरसुद्धा नव्हती! तालुक्यात आणखी दोन पार्लरं होती. एका ठिकाणी त्यांनी सांगितलं होतं, विहिरीत पितळी देव सापडले. दुसरीकडं चांदीचा पाळणा. माझ्याकडं हंडा. म्हणजे जे गावभर फिरंल त्यावरून कळावं, कुठलं भांडं गळतं.

“देव सांगितले त्या दिवशीची गोष्ट,” काकू म्हणाल्या. “सांजच्याला परतीच्या गाडीत चढले तर कंडक्टर हात जोडून उभा. काकू, दर्शन कधी ठेवता?” पाळण्याची चौकशी करायला तर भावकीची माणसं आली होती, वाटा मागायला. “हंडा तेवढा कुठंच गेला न्हाई. बैल घेताना दात बघत्यात, पोरी. पार्लर घेताना जीभ बघावी लागती.”

चौथी शिकलेली मी. पण असली परीक्षा कुठल्या शाळेनं घेतली नसती. मी काकूंच्या पाया पडले.

*

मग काकूंनी खरं सांगितलं.

त्यांची संगीता. चोवीस वर्षांची, अंगणवाडीत कामाला. मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलेलं. लग्नाआधी तालुक्याबाहेरच्या एका पार्लरमध्ये गेली. तिथल्या बाईनं पाक हातावर न बघता तसाच उकळता लावला. मांडीच्या आत, वरच्या अंगाला, तळहाताएवढी कातडी निघाली. पोरगी किंचाळत अर्ध्यातून उठून आली. जखम भरली, पण डाग पांढुरका राहिला. भाजलेल्या जागेचा राहतो तसा. आता त्या बाईला भीती, आपलं नाव खराब होईल. तिनं आधीच गावभर केलं: धावड्याच्या पोरीला कोड आहे, मी डोळ्यांनी बघितलं.

स्थळ मोडलं.

कोड असतं तरी काय आभाळ कोसळत होतं? तो कातडीचा रंग आहे, पोरीचा गुन्हा नाही. पण सोयरिकीच्या बैठकीत माझं कोण ऐकतं?

आता दुसरं स्थळ जमलेलं, कुंभार पिंपळगावचं. मुलगा चांगला, घर चांगलं. तीच अफवा तिथवर गेली तर हेही मोडणार. काकूंनी पोरीला सांगितलं होतं, राहू दे ते पार्लर. पोरगी ऐकेना. “ती म्हणती, माय, जळलं तिथं मला माझाच हात लावायची भीती वाटती. असं भीत भीत मी नांदायला जाऊ का?” काकूंनी पडद्याकडं बघितलं. “म्हून म्हणलं, आपुन आधी जागा पारखू.”

मी म्हणलं, आणा तिला.

“आणते. पण आधी मला कर.”

मला वाटलं चेष्टा. काकू आत जाऊन पडल्यासुद्धा. मी लई सांगितलं, या वयात कातडी पातळ असते, दुखंल. “जे पोरीला लावायचं ते मायनं चाखू नये का?” अशा तोऱ्यात म्हणाल्या की मी मुकाट स्टोव्ह पेटवला. पाक चांगला निवू दिला, मनगटावर बघितला, त्यांच्याही मनगटाला लावून दाखवला. कातडी ताणून धरली, एक पट्टी ओढली. मी डोळे मिटून घेतले, आता गल्ली गोळा होणार.

आवाज नाही. काकू छताकडं बघून मिरचीचा भाव सांगत होत्या. या साली कसा पडला, व्यापारी कसे लुच्चे. मी ओढतेय आणि त्या व्यापाऱ्याला शिव्या देतायत. सगळं झाल्यावर उठून बसल्या. मग म्हणाल्या, “एवढंच असतं? मंग माझी पोरगी उगं न्हाई किंचाळली. त्या रांडंनं जाळलंच तिला.”

*

संगीता आली ती आईसारखीच ताठ. पलंगावर पडली आणि पाक दिसल्यावर भिंतीकडं सरकली. मी पातेलं बाजूला ठेवलं. म्हणलं, आज काही करू नको, नुसती पडून राहा. तिला पाक बोटावर घेऊ दिला. तिनं आपल्या हातानं आपल्या मनगटाला लावला, मग गुडघ्याला. मग तोंड दुसरीकडं करून म्हणाली, “लावा ताई. डागावर लावू नका, पण त्याच्या जवळनं जा. बघू कुठवर जमतं.”

जमलं. रुख्सानानं कोरफडीचा गर लावला. जाताना पोरगी त्या डागावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, देवळाच्या उंबऱ्याला हात लावतात तशी.

*

महिना झाला असेल. संगीता दुसऱ्यांदा आली. काकू तिला सोडून बाजारात बांगड्या बघायला गेल्या. काम आटपलं होतं, पोरगी आत गार फडकं ठेवून पडली होती.

तेवढ्यात दारात एक बाई. नऊवारी, पायावर लांबच्या प्रवासाची धूळ. जालन्याला गाडी बदलून आलेली. टेकायच्या आधीच म्हणाली, “तूच का पार्लरवाली? मी कुंभार पिंपळगावची.”

ही संगीताची होणारी सासू!

भिवया करायच्या का, मी विचारलं. तिला काही करायचं नव्हतं, विचारायचं होतं. तिच्या कानावर आलं होतं. “धावड्याची संगीता तुझ्याकडं येती म्हणं. तू तिचं अंग बघितलं असशीलच. कोड हाय का न्हाई, एवढं एक सांग. मी आल्या पावली जाते.”

आता बघा माझी दशा. खरं काय ते मला ठाऊक. ‘ते भाजलेलं आहे’ एवढं म्हणलं की लग्न वाचतं. पण मग मी बोलले. आज चांगलं बोलले, उद्या दुसरीचं वाईट बोलेन. आणि ती पोरगी माझ्याकडं कशासाठी येते, डाग कुठं आहे, हे सगळं त्या तीन शब्दांच्या मागोमाग बाहेर पडणार. गप्प बसावं, तर गप्प बसण्याचा अर्थ एकच निघतो. वाक्य जिभेच्या शेंड्यावर उभं होतं.

मी म्हणलं, “इथं आलेल्या बाईचं अंग मी बाहेर सांगत न्हाई. तुम्ही आला तर तुमचंबी सांगणार न्हाई.”

“मंग तुझ्या गप बसण्याचा अर्थ मी काय लावू?”

“तुम्हाला लावायचा तो लावा. मी लावून देणार न्हाई.”

“सोयरीक मोडंल, बाई. पोरीचं वाटोळं तुझ्या माथी येईल.”

रुख्साना मान खाली घालून दोरा गुंडाळत होती, गुंडाळलेलाच परत गुंडाळत होती. बाई उठली, पिशवी उचलली.

पडद्यामागून आवाज आला. “ताई, त्यांना आत पाठवा.”

सासूनं आवाज ओळखला. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. पिशवी तिनं खाली ठेवली. पडद्यापाशी गेली, तिथं चपला काढल्या आणि आत गेली.

रुख्साना पडद्याकडं सरकली. मी तिची वेणी धरून मागं ओढली आणि टेप लावला, मोठ्यात मोठ्या आवाजात. तिलाही ऐकू येऊ नये, मलाही येऊ नये. कॅसेटची एक बाजू संपली. मधल्या शांततेत आतून कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं. कोणी, ते कळायच्या आत मी बाजू उलटी करून लावली.

दोघी बाहेर आल्या. पुढं सासू. तिचा कासोटा नव्यानं खोवलेला होता, घाईघाईत, एका अंगाला काठ लोंबत. मागं संगीता, हातात सासूची पिशवी. सासूनं पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायली. मग रुख्सानाला विचारलं, “लई जुन्या डागाला ही कोरफड घरच्या कुंडीतली चालती का?”

“चालती,” रुख्साना म्हणाली.

तेवढ्यात काकू आल्या. हातात बांगड्यांचा डबा. विहिणीला बघितलं आणि रंगच उडाला. सासू त्यांच्याजवळ गेली. “विहीणबाई, तुळशीचं लग्न झालं की पहिली तीथ धरा. मला जल्दी हाय.” आणि संगीताचा हात धरून चहा प्यायला घेऊन गेली.

काकू मटकन खुर्चीत बसल्या. मग माझ्याकडं वळल्या. “काय झालं गं?”

“कुठं काय?” मी म्हणलं.

“अगं, ती आत गेल्ती ना? काय बोलली? तू काय सांगितलं तिला?”

“काकू, हनुवटी करायची का?”

“मी माय हाय तिची!”

“मंग तिलाच इचारा.”

काकूंनी रुख्सानाकडं बघितलं. रुख्साना छताकडं बघत होती. काकू उठल्या, डबा काखेत मारला आणि पार स्टँडपर्यंत आमच्याकडं वळून वळून बघत गेल्या.